भट्टी कुठं आहे?

चंद्रपुरात राहून विजेची मोटार घेणं म्हणजे हलवायाच्या शेजारी राहून जिलबी खाण्याइतकं सोपं असेल, अशी माझी कल्पना होती. आमच्या गच्चीवरून दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. माझ्या गाडीला घरच्या प्लगवर लागतात तीन किलोवॅट. म्हणजे हे केंद्र माझ्यासारख्या पावणेदहा लाख मास्तरांच्या गाड्या एकाच वेळी चार्ज करू शकेल. इतके मास्तर गाड्या घेण्याची भीती नसल्यानं मी निर्धास्त होतो.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. अडतीस वर्षं फ्रेंच राज्यक्रांती शिकवली आणि स्वतःच्या घरात एकही क्रांती केली नाही. ही पहिलीच. मुलानं पुण्याहून आग्रह धरला, सौ.नं हिशेब केला आणि मी सही केली. आमच्या घरातल्या सगळ्या क्रांत्यांचा क्रम असाच असतो.

गाडी दारात आली तेव्हा गल्ली जमली. चंद्रपुरात नव्या गाडीला नारळ फुटायच्या आधी एक प्रश्न फुटतो, "किती देते?" मी म्हणालो, "युनिटला सहा-सात किलोमीटर." यावर कोणालाच काही बोलता येईना. लिटरचा हिशेब लोकांच्या रक्तात भिनलेला आहे; युनिट म्हटलं की माणसाला फक्त वीजबिल आठवतं आणि चेहरा पडतो. शेवटी शेजारचे बँकेतले काका म्हणाले, "नवीन चीज आहे मास्तर. दहा-वीस वर्षं लोकांना वापरू द्या, मग बघा."

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. दहा-वीस वर्षं थांबण्याच्या सल्ल्याचा मला जरा राग आला आणि रागाच्या भरात मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. इतिहासाची पुस्तकं काढली.

तेव्हा कळलं की नवीन चीज खरं म्हणजे पेट्रोलची गाडी आहे! विजेवर गाडी चालवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच सुरू झाले होते. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच गृहस्थानं पुन्हापुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी केली. १८८१ साली गुस्ताव्ह त्रूव्हे यानं पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी फिरवली. कार्ल बेन्झ यांच्या पेट्रोलच्या गाडीला पेटंट मिळालं ते १८८६ साली. म्हणजे नात्यानं विजेची गाडी थोरली. आपल्याकडे थोरलीचं लग्न राहून जातं आणि धाकटीचं होतं, तशी गोष्ट.

एका तासात शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारसुद्धा विजेचीच. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिल जेनात्झी या बेल्जियन माणसानं बंदुकीच्या गोळीच्या आकाराची गाडी १०५ किलोमीटरच्या वर नेली. गाडीचं नाव होतं 'कधीच समाधानी नसणारी'. हे नाव त्यानं बायकोवरून ठेवलं असावं असा तर्क मी जेवताना बोलून दाखवला. सौ. म्हणाली, "गाडी चालवत कोण होतं? मग नाव त्याचंच असेल." इतिहासात पुराव्याचं महत्त्व असतं ते असं.

पुढं अमेरिकेत बायकांनी विजेच्या गाड्या पसंत केल्या. आवाज नाही, वास नाही, आणि पुढं उभं राहून हँडल फिरवायला नको. ते हँडल उलटं फिरलं की माणसाचं मनगट मोडायचं. खुद्द हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या लाखांनी काढत होते, आणि त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड मात्र विजेच्या डेट्रॉइट इलेक्ट्रिकमधून फिरत होत्या. नवऱ्याच्या कर्तबगारीवर जगाचा विश्वास असतो. बायकोचा वेगळा प्रश्न असतो.

मग विजेची गाडी मेली कशी? तिला मारलं विजेनंच. चार्ल्स केटरिंग यांनी एक लहानशी विजेची मोटर आणि बॅटरी पेट्रोलच्या गाडीत बसवली, आणि १९१२ सालापासून कॅडिलॅक गाडी बटणावर सुरू होऊ लागली. हँडल गेलं. मनगटं वाचली. विजेची गाडी हरली. आमच्या गोंड राजांच्या किल्ल्याला चार दरवाजे आहेत, पण किल्ले दरवाज्यातून पडत नाहीत, घरभेद्यानं पडतात, हे मी मुलांना नेहमी सांगत असे. त्याचं इतकं नेमकं उदाहरण मोटारीच्या इतिहासात मिळेल असं वाटलं नव्हतं.

भारतात तिचा पुनर्जन्म दोनतीनदा झाला. १९९३ साली केरळातल्या चालकुडीच्या एका कंपनीनं 'लव्हबर्ड' नावाची गाडी दाखवली. २००१ साली बंगळूरूची 'रेवा' आली. या सगळ्या गोष्टी मी बँकेतल्या काकांना सविस्तर सांगितल्या. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे सव्वाशे वर्षांत टिकली नाही, असंच ना?"

इतिहास शिकवण्यातला धोका हाच. ऐकणारा त्यातून भलताच धडा घेतो.

शहरात मात्र गाडी उत्तम चालली. घर ते बाजार, बाजार ते महाकाली, महाकाली ते घर. रोजची वीस किलोमीटर. आठवड्यातून एकदा रात्री प्लग लावायचा, सकाळी काढायचा. युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास. जटपुरा गेटपाशी गाड्यांची कोंडी होते तेव्हा चहूबाजूंनी इंजिनं धुमसत असतात, आणि आमची गाडी ध्यानस्थ साधूसारखी गप्प उभी. फक्त मे महिन्यात, पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला की गाडी गार ठेवायला वीज जाते आणि पल्ला कमी होतो. पण त्या दिवसांत चंद्रपुरात माणसाचाही पल्ला कमीच होतो. अंगणापलीकडे कोणी जात नाही.

आणि नेमक्या मे महिन्यातच आत्याचा फोन आला.

माझी आत्या सत्त्याऐंशी वर्षांची. आलापल्लीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात नातवाकडं राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेलाच. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाची वेळ दिली होती, आणि ही वेळ चुकली तर पुढची महिनाभरानं. नातू मजुरांच्या कामावर बाहेर. एसटीत तिला चढवत नव्हतं. "तू येशील का बापू?" तिनं विचारलं. ती आयुष्यात कोणाला काही मागत नाही. मी म्हटलं, येतो.

फोन ठेवल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. कंपनीच्या कागदावर गाडी तीनशेच्या वर जाते. कंपनीचा कागद आणि वधूपक्षाला दाखवलेली कुंडली यांत थोडी सूट धरावी लागते. उन्हाळ्यात, गार हवा लावून, प्रत्यक्षात दोनशे. जायला एकशे पंधरा, यायला एकशे पंधरा. दोनशेतून दोनशे तीस वजा करून हातात काय राहतं हे चौथीतला मुलगाही सांगेल. वाटेतल्या गावात एक चार्जर आहे असं मोबाइल दाखवत होता. सौ. म्हणाली, "टॅक्सी करा." पण माझा इतिहासावर विश्वास होता. बँकेतले काका फाटकात उभे होते, हेही एक कारण.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी. वाटेतल्या त्या चार्जरपाशी पोचलो. चार्जर होता. तो ॲपवर चालत होता. ॲप नेटवर्कवर चालत होतं. नेटवर्क चालत नव्हतं. मी मोबाइल वर धरून चार्जरभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. टपरीवरचा पोरगा म्हणाला, "नाही होत जी काका. काल एक साहेब येऊन तास-दीड तास फिरून गेले."

आष्टीच्या पुढं लोहखनिजाचे ट्रक. त्यांनी रस्त्याची अशी अवस्था केलेली की गाडी चालवतोय की होडी, हे कळेना. पुढं जंगल. सागाची पानं गळलेली, मोहाचा वास. आणि गाडीचा आवाज नसल्यानं जंगलाचा आवाज पहिल्यांदाच इतका ऐकू आला. रस्त्यावरच्या गाईंना मात्र माझा आवाज ऐकू येत नव्हता. त्या बाजूला होईनात. एक म्हातारा गुराखी खिडकीशी वाकून म्हणाला, "बंद पडली का जी गाडी? धक्का देऊ का?" मी म्हटलं, चालू आहे. त्यानं माझ्याकडं ज्या करुणेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

संध्याकाळी गावात पोचलो तेव्हा गाडीत ४१ टक्के शिल्लक होते. परतीला किमान साठ लागणार. रात्रभर प्लग लावला की झालं! मी ऐटीत वायर काढली, आत्याच्या ओसरीतल्या प्लगला लावली. चार्जरवर लाल दिवा लागला.

इथं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. या गाडीच्या चार्जरला अर्थिंग लागतं. म्हणजे प्लगाच्या तिसऱ्या, मोठ्या भोकातून एक तार जमिनीत गेलेली असावी लागते. बल्ब, पंखा, टीव्ही यांचं त्या भोकावाचून अडत नाही, म्हणून आपल्याकडच्या हजारो घरांत ते भोक केवळ शोभेचं असतं. आत्याच्या घरीही तसंच. चार्जर जुन्या काळच्या सोवळ्यातल्या आजीसारखा. जमीन नीट सारवलेली नसेल तर पाण्यालाही शिवणार नाही.

अंधार पडत होता. ४१ टक्के. सकाळी साडेदहा. आत्या ओट्यावर बसून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्या दिशेनं बघत म्हणाली, "नाही जमत असन तर राहू दे बापू. महिना काय, निघून जाईन."

त्या वाक्यानं माझी सगळी ऐट उतरली. गाडीचा शोध १८८१ साली लागला की १८८६ साली, याला त्या ओट्यावर काही किंमत नव्हती. प्रश्न एवढाच होता, या गावात अर्थिंग कोणाकडं आहे?

गर्दी जमलीच होती. त्यातलं एक पोरगं म्हणालं, "राईस मिलीत आहे ना जी!"

गावाच्या टोकाला धानाची गिरणी. मिलवाल्या काकाजींनी गाडी बघितली, वायर बघितली, आणि न बोलता आत नेऊन प्लग दाखवला. लाल दिवा. त्यांनी डोकं खाजवलं. मग बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यात मूठभर मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की वीज जमिनीत जाईनाशी होते. मीठ-पाण्यानं ती वाट ओली होते. दहा मिनिटांनी पुन्हा प्लग लावला. हिरवा दिवा! जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण मिलवाल्या काकाजींचा हात बराच वेळ सोडला नाही.

"किती वेळ लागन?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा तास."

"अरे बापरे! धान तर इतल्या वेळात पंधरा पोती होते."

मध्ये दोन तास लाइन गेली. पुन्हा आली. मी गिरणीपुढं खाटेवर पडलो होतो. झोप येत नव्हती, आणि तेव्हा मला बेर्था बेन्झ आठवल्या.

बेर्थाबाई म्हणजे कार्ल बेन्झ यांच्या पत्नी. नवऱ्यानं गाडी केली, पण तिच्यावर दूर जायचा धीर कोणाला होईना. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बाईंनी दोन मुलांना घेतलं आणि नवऱ्याला न सांगता गाडी काढली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरावर किलोमीटर, माहेरी. तेव्हा पेट्रोल पंप कुठले? वीसलोख नावाच्या गावात त्यांनी औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला ते तिथं विकत असत. तेल यायची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले त्यांना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. त्या औषधाच्या दुकानाला आता जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात.

म्हणजे आज ज्या पेट्रोलच्या गाडीची सोय आपण निमूट गृहीत धरतो, तिचीही सुरुवात अशीच मिनतवारीनं झाली. गाडी आधी निघते. पंप मागून येतात. मधल्या काळात कोणी औषधवाला, कोणी चांभार, कोणी मिलवाला लागतो. पुस्तकात बेन्झ यांचं नाव राहतं. औषधवाल्याचा रात्री झोपमोड झाल्याचा उल्लेख नसतो. म्हणून मी या मिलवाल्या काकाजींचा मुद्दाम करतो आहे. त्यांनी नाव छापू नको म्हटलं, तेही पाळतो.

पहाटे पाचला गाडी ९१ टक्के. पैसे विचारले. ते हसले, "पंधरा युनिट? दळण तर दिसलंच नाही जी. बिनदाण्याच्या दळणाचे काय पैसे घेऊ?" शेवटी त्यांच्या दोन नातवंडांना गावातून एक चक्कर मारून आणली, तेव्हा हिशेब मिटला.

आत्याला पुढं बसवलं. गाडी निघाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सुरू कधी करशील?"

"आत्या, आपण दोन किलोमीटर आलो."

ती चमकली. हात पुढं करून तिनं काचेवर ठेवला. मग म्हणाली, "पेट्रोलचा वास नाही येत. काय टाकतेस हिच्यात?" गाडी स्त्रीलिंगी असल्यानं माझंही लिंग तिनं बदलून टाकलं.

"वीज."

"आणि वीज कायची?"

"आपल्याकडं बहुतेक कोळशाची."

"मंग असं सांग ना!" आत्या एकदम खुलली. "कोळशाच्या गाडीत मी बसली आहे लहानपणी."

आणि सारा रस्ता ती बोलत राहिली. दुसरं महायुद्ध चालू होतं. पेट्रोलवर रेशन. तेव्हा बसच्या मागं पिंपाएवढी भट्टी जोडायचे. तिच्यात लोणारी कोळसा कोंडून धुमसवायचा. हवा बेताची मिळाली की त्यातून जळणारा वायू निघतो, तोच इंजिनात सोडायचा. माझे आजोबा सहा-सात वर्षांच्या आत्याला घेऊन मुलहून चांद्याला निघाले होते. "क्लिनर अर्धा घंटा पंखा फिरवे हातानं, तवा गाडी गुरगुरे. चढ आला का सगळे उतारू खाली! बाया, माणसं, मास्तर, पटवारी, सगळे ढकलत. चांद्याला पोचलो तं कोणाचं तोंड ओळखू येईना. तुझ्या आजोबाला बघून मी रडली होती, हा कोण काळा माणूस म्हणून."

पेट्रोल परत आलं आणि त्या भट्ट्या भंगारात गेल्या. पुढं १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पण बैलगाडीही तशी फार मागं गेलेली नव्हती. आमच्याकडं तेव्हा बंडी हेच मुख्य वाहन होतं. बैल दमला की झाडाखाली सोडायचा, वैरण टाकायची, आपण भाकर खायची. रात्री खाटेवर मी नेमकं तेच केलं होतं. थांबणं हा प्रवासाचाच भाग आहे हे बैलवाल्याला माहीत होतं. मधल्या पेट्रोलच्या दोन पिढ्या ते विसरल्या.

"मंग," आत्यानं बल्लारपूरपाशी विचारलं, "हिची भट्टी कुठं आहे? मागं तं काही दिसत नाही."

"घरी गेल्यावर दाखवतो," मी म्हणालो.

दहा वाजून पाच मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. ३२ टक्के शिल्लक. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली.

आठवड्यानं तिला गच्चीवर नेलं. संध्याकाळची वेळ. नव्या डोळ्यांनी ती सगळं नव्यानं पाहत होती. मी दुर्गापूरच्या दिशेला बोट केलं. "ती बघ भट्टी."

ती बराच वेळ पाहत राहिली. चिमण्या, त्यांच्यावरचा धूर, खालची शहराची राखाडी. "इतली मोठी? का एकट्या तुझ्या गाडीची?"

मग मी इतिहासाच्या मास्तरासारखा सांगू लागलो. १८७०च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी. १९८३ साली इथला पहिला संच सुरू झाला. १९९९ पासून चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर उच्चदाबाची लाइन मुंबईकडं वीज नेते. ती एकदिश प्रवाहाची आहे, आणि नाव फार खरं आहे: वीज तिकडं जाते, राख इकडं राहते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, तिच्यात चंद्रपूर चौथं होतं. मुलांच्या परीक्षेत आमचं गाव चौथं कधी आलं नाही.

मुलगा पुण्यात म्हणतो, बाबा, विजेची गाडी स्वच्छ. खोटं नाही. त्याच्या गल्लीत ती स्वच्छच असते. आणि गाडीला वीज कुठली हे कळत नाही. उद्या गच्चीवरच्या उन्हाची दिली तर तीही ती मुकाट्यानं खाईल, आणि ऊन आमच्याकडं काही कमी नाही. म्हणून गाडी विकायचा माझा विचार नाही. गच्चीवर सूर्याची तावदानं बसवायचा आहे. सौ.नं हिशेब केला आहे. सही तेवढी बाकी आहे.

आत्याला मात्र वेगळीच शंका. "आमची बस चढाला लागली का आम्ही उतरून ढकलू. हे एवढं थोरलं भट्टीचं गाडं... हे कोण ढकलते?"

मला उत्तर सुचेना. आत्यानं गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. सकाळीच पुसलेला कठडा. तिनं ते बोट डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं. काळं.

"हं," ती म्हणाली. "ढकलून राह्यले लोकं."